देवाचा नंबर पाचवा

आमच्या भजनी मंडळात नेपाळयात्रेवरून वाजलं ते पैशांवरून नाही, महिन्यावरून. पशुपतिनाथाला जायचं तर श्रावणातच, असं बहुतेकींचं म्हणणं. शंकराचा महिना, वर सोमवार. मी म्हटलं, श्रावणात तिकडचे डोंगरही खाली उतरतात, आपण कार्तिकात जाऊ. झालं! कात्रपच्या त्या छोट्या हॉलमध्ये मला नास्तिक ठरवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आमचे बुवा पेटी मिटता मिटता शांतपणे म्हणाले, “ताई, ज्याच्या दारी निघालोय तो सांभाळणार नाही का?”

यावर गप्प बसणं सोपं होतं. घरी नवऱ्याचा वेगळाच सूर. “अंबरनाथचा महादेव काय कमी आहे? शके ९८२ पासून बसलाय तिथे. रिक्षाने जा, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात डोकं टेक, जेवायला घरी ये.” म्हणजे एकाच्या मते देव सांभाळतो म्हणून कसंही जावं, दुसऱ्याच्या मते देव इथेही आहे म्हणून जाऊच नये. मला दोन्ही पटत नव्हतं.

माझी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, तपासणी विभागात झाली. हातात गेज. त्याची ‘गो’ बाजू भोकात गेली पाहिजे आणि ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. दोन्ही गेल्या तर तुकडा बाद, दोन्ही अडल्या तरी पास नाही. बनवणारा किती भला माणूस आहे, पहाटे उठून पूजा करतो की नाही, हे गेज विचारत नाही. या कामाने माझ्या डोक्याला एक वळण लागलं ते निवृत्तीनंतरही गेलं नाही. “होऊन जाईल हो” असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं कारण माहेरचं. माझं माहेर भुसावळ तालुक्यात. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीकडे कोसळली. २७ माणसं गेली, बहुतेक वरणगाव आणि आसपासच्या गावांची. हवाई दलाच्या विमानाने त्यांना नाशिकला आणलं, तिथून गावोगावी. आमच्याकडे त्या आठवड्यात फोन खाली ठेवायला सवड नव्हती.

तो अपघात मी माझ्या मुद्द्याचा पुरावा म्हणून वापरणार नाही. पण त्यानंतर लोक जे बोलले ते माझ्या कानात राहिलं आहे. एक बोलणं असं: भाग्यवान हो, यात्रेत मरण आलं, सरळ मोक्ष. दुसरं असं: पावसाळ्यात डोंगरात जायचं कशाला? पहिलं बोलणारे देवभोळे आणि दुसरं बोलणारे शहाणे, असं आपण धरतो. मला विचाराल तर दोघांचं काम एकच चाललं होतं. एकाने सगळं देवावर टाकलं, दुसऱ्याने सगळं मेलेल्यांवर. दोघेही त्या रात्री निवांत झोपले असणार. ज्या घरातली माणसं गेली त्या घराला यातल्या एकाही वाक्याचा उपयोग नव्हता.

मी गीता रोज वाचणाऱ्यातली नाही, पण अठरावा अध्याय मला फॅक्टरीतल्या माणसाने वाचावा असा वाटतो. तिथे भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे ज्याच्यावर ते उभं आहे ती जागा, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. पाचवं! पहिलं नाही. आणि यादीतून गाळलेलंही नाही. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची, असंही लगेच पुढे सांगितलंय. जुने भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतात, ते मला माहीत आहे. मी माझ्या कामापुरता तो रस्ता असा घेतला. अधिष्ठान रस्ता, कर्ता ड्रायव्हर, करण गाडी, चेष्टा म्हणजे वेग, ओव्हरटेक, ब्रेक. वहीत चार रकाने आखले. पाचवा आखला, पण त्यात लिहायचं काय ते सुचेना, म्हणून कोरा ठेवला.

पुढच्या बैठकीला ही वही घेऊन गेले. बुवांचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा. ते म्हणाले, “ताई, तिथे दैव म्हणजे नशीब नव्हे. आचार्यांनी अर्थ केलाय की इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता. डोळ्याचा सूर्य, तसं प्रत्येकाचं.” ज्ञानेश्वरीतही असंच आहे, हेही त्यांनी सांगितलं. मला तर घबाडच सापडलं. म्हटलं, “बुवा, डोळ्याची देवता सूर्य ना? मग सूर्य मावळल्यावर ड्रायव्हरच्या डोळ्यामागे कोण उभं राहणार? म्हणजे घाटात रात्रीची गाडी चालवायची नाही, हे शास्त्रातच आलं.” बुवा हसले. सगळ्या जणी हसल्या. रात्रीचा प्रवास नाही हा ठराव तिथेच झाला. भूगोलाचं पुस्तक दाखवून जे जमलं नसतं ते आचार्यांच्या एका ओळीने जमलं.

महिन्याचा प्रश्न मात्र चातुर्मासाने सोडवला. आपल्याकडे संन्यासी पावसाचे महिने एका जागी काढतात, जैन मुनीही. जीवजंतू पायाखाली येऊ नयेत हे त्यामागचं कारण, पण फुगलेल्या नद्या आणि वाहून गेलेल्या वाटा त्यांनाही दिसत असणारच. ज्यांनी घरदार सोडलं त्यांनीही पावसात वाट चालायचं टाळलं, आणि आपण नातवंडं मागे ठेवून निघणार! “मग आषाढीची वारी?” एकीने बरोबर नेम धरला. वारी पावसातच चालते, खरं आहे. पण वारीत प्रत्येक दिंडीला नंबर असतो, कोणती रथापुढे आणि कोणती मागे हे ठरलेलं असतं, मुक्काम ठरलेले असतात. ज्या वारकऱ्यांना आपण भोळे म्हणतो त्यांच्याइतकी शिस्त आपल्या लग्नाच्या बसमध्येही नसते. शेवटी कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमा आहे आणि तीही शंकराचीच, हे कोणीतरी म्हणालं आणि माझं काम झालं.

जुन्या लोकांबद्दल एक गोष्ट मला या निमित्ताने नव्याने कळली. तीर्थयात्रेला निघण्याआधी घृतश्राद्ध करायचं असं धर्मशास्त्रात आहे. काशीहून सुखरूप आलं की मावंदं घालायचं, ते तर आमच्या आजीपर्यंत चालत आलं होतं. देवाच्या दारी निघालो म्हणजे परत येऊच, असं त्यांनी कधी गृहीत धरलं नाही. आणि अहिल्याबाई होळकरांएवढी शिवभक्ती कोणाची? त्यांनी नुसता महादेवावर भार टाकला नाही. गावोगावी घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, म्हणजे वाटसरूला रात्री पाठ टेकायला जागा मिळेल.

खरेदीला उल्हासनगरला गेलो. स्वेटर, थर्मल, बॅगा तिथे स्वस्त पडतात. बॅगवाल्या दुकानात गल्ल्यामागे झुलेलालची तसबीर होती, पल्ला माशावर बसलेला पांढऱ्या दाढीचा देव. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. दुकानदार काका त्यानंतर इथेच जन्मलेले. वडील कराचीहून बोटीने आले, म्हणाले. “झुलेलाल बेडा पार करतो ना, काका?” मी विचारलं. “करतो, बिलकूल करतो,” ते म्हणाले, “पण दादी, बोटीत बसायला आमच्या बाबांनी तिकीट काढलं होतं,” आणि बॅगेबरोबर एक कुलूपही विकलं मला.

कल्याणहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. सोनौलीला सीमा ओलांडायची. पंधरा ते पासष्ट वयाच्यांना नेपाळच्या प्रवासाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. हे आधी सांगूनही एकीने आधारच आणलं होतं. नशीब, पर्सच्या तळाशी मतदार कार्ड निघालं. गाडीचा भन्सार, म्हणजे तिकडच्या जकातीचा कागद, ड्रायव्हरने काढून आणला. आपली गाडी पलीकडे चालवायला तो लागतो. घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली.

गाडीसमोर त्याने उदबत्ती लावली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. फॅक्टरीत खंडेनवमीला मशीन बंद करून आम्ही ती आधी पुसायचो. केरोसीनच्या बोळ्याने महिन्यांची काळी तेलकट साय निघायची आणि खालचा रंग दिसायचा. तेल कुठून गळतंय, कोणता बोल्ट सैल झालाय, हे पुष्कळदा त्या पुसण्यातच सापडायचं. मग हळदकुंकू, झेंडूचा हार. माझ्या मते पूजा त्या बोळ्यापासून सुरू व्हायची. इथे मात्र झेंडूचा एवढा जाड हार काचेवर आडवा टांगलेला, त्याच्याशेजारी चुनरी, तिच्याशेजारी झुलणारा नंदी. ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर डावीकडचा रस्ता दिसेचना.

“भैया, रात को सोए थे?” मी विचारलं.

“माताजी, ऊपर वाला मालिक है.”

“ते ठीक. नीचे वाला मालिक कुठे आहे? त्याचा नंबर द्या.”

खालच्या मालकाला फोन लागला. दुसरा ड्रायव्हर द्यायचं बोलणं आधीच झालं होतं, तो आलाच नव्हता. आमच्या बायका कुजबुजायला लागल्या की नारळ फुटल्यावर खोळंबा बरा नाही. मी हटले नाही. दुपारपर्यंत दुसरा माणूस आला, मध्यमवयीन, कमी बोलणारा. त्याने आल्या आल्या हार काचेवरून काढून बोनेटला बांधला. त्याला मी मनातल्या मनात पास केलं.

तो घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायचा. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय राहिला तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरेनासे होतात. पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना मुगलिंगच्या अलीकडे रस्ता मर्स्यांगदीच्या काठाकाठाने जातो. तिथे गाडीत भजन थांबलं. कोणी थांबवलं नाही. मी खिडकीतून खाली पाहिलं, मग पाहिलं नाही.

आता माझ्या बाजूची नसलेली गोष्टही सांगायला हवी. आम्ही टाळलेला २०२५ चा श्रावण ज्यांनी साधला ते आमच्या ओळखीचे यात्रेकरू खुशाल घरी आले. आणि पावसाळा सरता सरता, ८ सप्टेंबरला, काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, विमानतळ बंद. आमच्या मंडळाने समजा भाद्रपद धरला असता, तर चारही रकाने चोख भरूनही आम्ही हॉटेलात अडकलो असतो. माझ्या वहीत सरकार पडण्याचा रकाना नव्हता. पाचवा कोरा ठेवला होता तो अशासाठीच असावा.

परतीच्या गाडीत भुसावळ जवळ आलं तसा हा विषय पुन्हा निघाला. मी बुवांना म्हटलं, “बघा, दुसरा ड्रायव्हर मागितला म्हणून सगळं नीट झालं.”

“मागितला तुम्ही,” बुवा म्हणाले, “पण त्या दिवशी मालकाकडे तो रिकामा होता. नसता तर?”

“तर आम्ही थांबलो असतो.”

“थांबायची बुद्धी तुम्हाला कोणी दिली? तुमच्या त्या फॅक्टरीने? आणि फॅक्टरीत चिकटायची संधी कोणी दिली?”

असं मागे मागे सरकत गेलं की चारही रकाने पाचव्यात विरघळतात, हे मला दिसत होतं. तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही. मागे सरकून सगळं दैवाचं ठरत असेल, ठरू दे. पण घाटात गाडी मागे सरकत नाही, पुढे जाते, आणि पुढच्या वळणावर झोप कोणाला लागलीय हे बघणं माणसाच्याच हातात असतं. बुवांना हे पटलं नाही. त्यांच्या मते मी अजून ‘मी’ सोडलेला नाही. असेलही.

या वर्षी मुक्तिनाथ काढायचं चाललंय. तिथे उंची ३,८०० मीटरच्या घरात, पोखऱ्याच्या वर रस्ता वाईट. सत्तरीपुढच्या दोघीतिघी हट्टाला पेटल्यात, शाळिग्राम आणायचाय. बुवा म्हणतात, जाऊ दे त्यांना, त्यांची वेळ त्यांना ठाऊक. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाव लिहून घेणार नाही म्हटलंय. पुढच्या गुरुवारी भजनानंतर बैठक आहे. त्यातली एक माझी सख्खी नणंद आहे, त्यामुळे घरातही सध्या हेच चालू आहे.