ब्रेक कुणासाठी?

2017ची ऑक्टाव्हिया आरएस सेकंडहँड घेतली आणि लगेच मोठ्या डिस्क, महागडे पॅड बसवायला काढले. घरी सांगितलं, सुरक्षिततेसाठी. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आधी टायर आणि ब्रेक ऑइल बदला." त्याचं बरोबर होतं. चाक जाम करण्याइतका जोर मूळच्या ब्रेकमध्येही असतो. गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. मोठी डिस्क उष्णता जास्त सोसते, म्हणजे ती कामाची पुन्हापुन्हा जोरात ब्रेक मारणाऱ्याला. तसं चालवायचंच नव्हतं, तर मी नेमकं काय विकत घेतलं?

ऐंशीच्या दशकात म्युनिकमध्ये काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत. ते जास्त बेधडक चालवू लागले. हे वाचून मी हसलो होतो. मग खंडाळ्याच्या उतारावर लक्षात आलं, माझाही पाय हल्ली ब्रेकवर उशिरा जातो. शंभरच्या जागी एकशेदहा. फरक दहाचा, पण थांबवायची ऊर्जा 21 टक्के जास्त.

शिवाय मागच्याचं काय? परवा पुढे गाडी आडवी आली, मी जागच्या जागी थांबलो. आरशात भरलेला टेम्पो मोठा होत गेला आणि कसाबसा डावीकडे निसटला. त्याचे ब्रेक मी थोडेच बदलले होते! शेजारून जाताना चालकानं काच खाली करून एक शिवी दिली. बायको शेजारीच होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.