बोंडूचा रस आणि चौथे शील

मार्च लागला की गोव्यात आणि इकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या काजूबागांत आंबूस-गोड वास भरून राहतो. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलेलाच वेचतात, बी पिरगाळून वेगळी काढतात आणि फळे कातळातल्या खळग्यात पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर दगड ठेवला की त्यातून थेंबथेंब निथळतो तो नीरो, स्वच्छ, गोड आणि घशाला जरा खवखव आणणारा. तो सकाळीच प्यायचा, कारण ऊन चढले की त्यावर फेस धरू लागतो. तुडवलेला रस मात्र मुद्दाम दोन-तीन दिवस ठेवतात. त्यात बाहेरून काही घालावे लागत नाही, तो आपला आपण आंबतो. या आंबलेल्या रसाला भट्टीवर एकदा उकळून थंड केलेली वाफ म्हणजे हुर्राक, आणि पुन्हा भट्टी लावली की फेणी. (मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सगळ्यांत कडक, पण इथे पहिल्या भट्टीचीच सौम्य असते.) हुर्राक फार टिकत नाही, म्हणून ती उन्हाळ्यातच संपवायची. उंच ग्लासात बर्फ, साठ मिली हुर्राक, अर्धे लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिंबू-सोडा. घरच्या घरी होणारे याहून सोपे फळाचे कॉकटेल सापडणे कठीण आहे.

हा सोपा पेला एक अवघड प्रश्न समोर ठेवतो. पहाटेचा नीरो घरातल्या लहान मुलालाही देतात. त्याच बागेतला तोच रस चार दिवसांनी मनुस्मृतीपासून अबकारी खात्यापर्यंत सगळ्यांच्या कचाट्यात येतो. मधल्या काळात फळ बदलले नाही, झाड बदलले नाही, आणि आंबण्याच्या बाबतीत तर माणसाने वाट पाहण्यापलीकडे काही केलेले नाही. मग दोष शिरला केव्हा, आणि तो नेमका राहतो कुठे? वस्तूत, काळात, की पिणाऱ्यात?

ज्या परंपरांनी फळाच्या रसाकडे बारकाईने पाहिले त्यांतल्या काहींनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात बुद्धाने भिक्षूंना आठ पेयांची मोकळीक दिली आहे. त्यांत आंबा आहे, जांभूळ आहे, केळे, द्राक्ष आणि फालसाही आहे. दुपारनंतर भिक्षूने अन्न घ्यायचे नाही, पण हे रस चालतात. अट एकच, दुसऱ्या दिवशीच्या अरुणोदयापर्यंतच ते ठेवायचे. सहीह मुस्लिममधल्या हदीसींतही असाच हिशेब आहे. मनुका किंवा खजूर पाण्यात भिजवून केलेला नबीज पैगंबरांसाठी ठेवला जाई. तो तिसऱ्या दिवसापर्यंत चाले, त्यानंतर उरलेला ओतून दिला जाई. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांनी रसाला मुदत घालून दिली, याचा अर्थ फळ निर्दोष आहे हे दोघांनाही मान्य होते. जपायचे होते ते वेळेला.

जैन विचार आणखी आत शिरतो. अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मद्याचा निषेध करताना दिलेले एक कारण असे, की मद्य ही रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांची योनी आहे, म्हणून ते पिणे ही हिंसा. आंबण्याची क्रिया जिवंत यीस्टमुळे घडते हे पाश्चरने १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले. त्यावरून ‘आमच्याकडे हे आधीच ठाऊक होते’ असा डांगोरा पिटायचे कारण नाही. जैन आचार्य नीतीचा विचार करत होते, पाश्चर आंबवणीचा. पण दोघांनीही आंबलेल्या रसात चाललेली हालचाल गंभीरपणे घेतली, एवढे खरे. आता हे कारण एकट्याने सगळा भार पेलू शकते का? इडलीचे पीठ, दही, ढोकळा, पाव यांतही तसलीच हालचाल असते, आणि अति पिकलेल्या केळ्यातही अल्कोहोलचा अंश सापडतो. काटेकोर जैन आचारात रात्र उलटलेल्या पिठावरही बंदी आहे, त्यामुळे जैन आपल्या तर्काशी प्रामाणिक राहतो. बाकीच्यांना मात्र हा तर्क उधार घेता येणार नाही. सकाळी डोसा खाऊन संध्याकाळी आंबण्याला पाप म्हणणे जमत नाही.

वैदिक परंपरेचे या बाबतीत एकमत कधीच नव्हते. सौत्रामणी यागात सुरा लागते, आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापान थेट महापातकांत मोजले आहे. तिथे सुरा तीन प्रकारची आहे, गुळाची, पिठाची आणि मधूची, आणि सुरेला अन्नाचा मळ म्हटले आहे. पुढे टीकाकारांपुढे पेच आला, कारण फणस, द्राक्ष, खजूर, ताड यांचीही दारू होते. पुलस्त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या यादीत अशी अकरा मद्ये आहेत, बारावी सुरा, आणि ती सगळ्यांत हीन. मग विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत असा काथ्याकूट होतो की मुख्य सुरा ती पिठाचीच. तिन्ही द्विजांना महापातक लागते ते तिचे, आणि बाकीच्यांचा निषेध ब्राह्मणापुरता. म्हणजे फळाचा तोच पेला एका हातात पातक आणि शेजारच्या हातात फक्त पेला. जातीने पाप वाटण्याची ही रीत आज कोणी मान्य करू नये. तरीही त्या वादातून एक गोष्ट निसटून बाहेर पडते, ती अशी की शास्त्रकारांनाही दोष निव्वळ द्रवात आहे असे ठामपणे म्हणता आले नाही. चरकाने तर चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात स्वच्छ सांगितले की मद्य स्वभावाने अन्नासारखेच आहे. युक्तीने घेतले तर अमृत, अयुक्तीने घेतले तर रोग. आणि त्याच अध्यायात मदाच्या तीन अवस्था सांगून शेवटच्या अवस्थेतला माणूस कसा लाकडासारखा पडतो तेही सांगून ठेवले.

असे पडलेले माणूस विनयातही आहे. सागत नावाच्या भिक्षूने एका नागाला शमवले म्हणून कौशांबीच्या लोकांनी कौतुकाने घराघरांतून त्याला मद्य पाजले. तो नगराच्या वेशीत कोसळला. भिक्षूंनी त्याला उचलून विहारात आणले आणि त्याचे डोके बुद्धाकडे करून निजवले, तर त्याने कुशीवर वळत पाय बुद्धाकडे केले. तेव्हा बुद्धाने विचारले, की नागाला नमवणारा हा आता पाणसापाला तरी आवरू शकेल का? विटाळ, मळ, नरक यांतला एकही शब्द त्या प्रसंगात नाही. पंचशीलातल्या पाचव्या शीलाचा पाठही तेच सांगतो. सुरा-मेरय टाळायचे ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, ठिकाण म्हणून. प्रश्न सावध राहण्याचा आहे.

इथवर आले की फळाच्या कॉकटेलची गोष्ट साध्या दारूपेक्षा निराळी होते, आणि माझे म्हणणे याच वळणावर सुरू होते. निव्वळ फेणीचा घोट घेणाऱ्याला ती काय आहे हे जीभ, नाक आणि घसा तिघेही ओरडून सांगतात. गोड पेल्याचे काम नेमके ही ओरड बंद करण्याचे. थंडपणा, साखर आणि आंबटपणा एकत्र आले की अल्कोहोलची जळजळ जिभेला कमी जाणवते. साधा हिशेब करून पाहावा. हुर्राक साधारण १५ टक्क्यांची धरली तर तिच्या ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल ९ मिली येते. त्याच ग्लासात तेवढ्याच मापाने दुकानातली ४२.८ टक्क्यांची व्होडका ओतली तर साडेपंचवीस मिलीच्या वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वर आंब्याचा रस किंवा अननसाचे सिरप घातले की दोन्ही ग्लास रंगाने सारखे, चवीने सारखे. वर परिणाम पुरता चढायला अर्धा-एक तास जातो, आणि सरबत समजून प्यायलेले तीन ग्लास तोवर पोटात गेलेले असतात. पिणाऱ्याची सावधता दारूने घालवण्याच्या आधी ती फळाने घालवलेली असते.

म्हणून या पेल्याचा खास दोष मला पाचव्या शीलापेक्षा चौथ्या शीलात दिसतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे. दारू ही दारू म्हणून समोर आली तर ती घ्यायची की नाही हा पिणाऱ्याचा प्रश्न राहतो. ती सरबताच्या वेषात आली तर तो प्रश्न त्याला विचारलाच गेला नाही. घरी कॉकटेल करणाऱ्या यजमानाकडे फळ, साखर आणि माप ही तिन्ही असतात, आणि त्या पेल्याचे खरे-खोटे त्याच्याच हातात असते. हुर्राकीत मीठ-मिरची का घालतात याचे कारण चवीचे आहे, नीतीचे नाही; पण त्याचा परिणाम असा होतो की पेला फसवत नाही. बोंडूचा उग्र वास लिंबाला दबत नाही, आणि मिरची घोट लहान ठेवते. खोटेपणाबद्दल बोलायचे तर महाराष्ट्रातल्या मद्याच्या परवान्याचाही उल्लेख करायला हवा. १९४९च्या कायद्याखाली मिळणाऱ्या त्या कागदावर मद्य कशासाठी, तर आरोग्याचे रक्षण आणि जतन करण्यासाठी. सरकारच जिथे पेल्याला औषधाचा वेष चढवते तिथे यजमानाला काय बोलावे!

यावर पहिला आक्षेप उघड आहे. प्रामाणिकपणे ओतलेले विष प्रामाणिक असते, पण विषच असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. हे मान्य करावेच लागते, आणि चरकाच्या ‘युक्ती’मागे दडून ते टाळता येत नाही. मात्र त्यातून निघतो तो शहाणपणाचा सल्ला. जपून न वागणे आणि पाप करणे या एकाच गोष्टी असतील तर पापड, लोणचे आणि मोटारसायकल यांच्यासाठीही प्रायश्चित्ते लिहावी लागतील. शिवाय ‘निर्धोक प्रमाण नाही’ हे वाक्य माझ्या मुद्द्याला बळच देते, कारण ज्याला धोका पत्करायचा आहे त्याला तो किती आहे हे कळायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. सावधपणा हा निकष धरायचा, आणि पिऊ लागल्यावर आधी सावधपणाच जातो. म्हणजे तराजू ज्या पाण्यात विरघळतो त्याच पाण्याचे माप त्याने करायचे. म्हणूनच बुद्धाने भिक्षूंना ‘बेताने घ्या’ असे म्हटले नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा बिनशर्त आहे. या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. जे आहे ते अर्धे आहे. माप पिणाऱ्याने नशेत करायचे नसते, ते स्वयंपाकघरात, पहिला थेंब ओतण्याआधी करायचे असते, आणि त्या वेळी तराजू शाबूत असतो. हे ज्याला जमत नाही, किंवा जमेल याची खात्री नाही, त्याच्यासाठी प्रतिज्ञाच योग्य. प्रतिज्ञेत अपवाद शोधणाऱ्याला तर हे तर्कशास्त्र मुळीच वापरता येणार नाही, कारण दिलेला शब्द मोडणे हे पुन्हा चौथ्या शीलातच जाऊन पडते.

तिसरा आक्षेप गडचिरोलीतून येतो. तिथे १९९३पासून जिल्हाभर दारूबंदी आहे, आणि ती आली लोकांच्या चळवळीतून. राज्यातल्या अनेक गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. त्यांना हा सगळा ऊहापोह म्हणजे भरल्या पोटाचे चोचले वाटतील, आणि ते वाटणे चुकीचे नाही. नवऱ्याची मजुरी गुत्त्यावर संपते तिथे पेल्याच्या खरेपणाची चर्चा कोणाला हवी आहे? एवढेच म्हणता येईल की त्यांचा लढा आणि हा मुद्दा एकमेकांविरुद्ध नाहीत. तिथे घर उद्ध्वस्त करणारी गोष्ट कधी फळाच्या वेषात आलेली नव्हती. ती काय आहे हे सगळ्या घराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिथला प्रश्न न्यायाचा आहे, आणि न्यायासाठी बंदी लागत असेल तर ती करावी. माझा प्रश्न त्या दिवाणखान्यातला आहे जिथे पाहुणा ‘हे काय आहे?’ असे विचारतो आणि यजमान हसून ‘काही नाही, सरबतच समजा’ म्हणतो.

त्या दिवाणखान्यात उन्हाळ्यात दोन जग ठेवले जातात. एकात कोकमाचे सरबत, दुसऱ्यातही कोकमच, पण खाली फेणी. दोन्हींचा रंग तोच, दोन्हींवर पुदिन्याची पाने. न पिणाऱ्या मावशींनी चुकून दुसऱ्या जगातून घेतले तर त्या काही पापात पडत नाहीत. साध्या माणसाचा विवेक तेवढे जाणतो. पण दोन जगांना एकच रूप देणाऱ्याने काय केले? त्याला फक्त एका जगात चिरलेली मिरची तरंगत ठेवायची होती, आणि ओतताना सांगायचे होते, ‘मावशी, यात फेणी आहे, पेल्यात साठ मिली.’ मग मावशी ठरवतील.