टीएसएच 38

गेल्या वर्षी आई भरदुपारी झोपायची, भाजी गॅसवर ठेवून विसरायची. मी म्हणालो, "फार आळशी झालीयेस हल्ली." मग रिपोर्ट आला. टीएसएच 38. असायला हवं साधारण साडेचारच्या आत.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ती टीएसएच वाढवून थायरॉइडमागे तगादा लावते. आईची थायरॉइड दादच देत नव्हती. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची 50 मायक्रोग्रॅमची गोळी, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. त्यानं ग्रंथी बरी होत नाही; तिनं बनवायचं ते बाहेरून येतं, शरीर त्यातून टी-3 तयार करतं, तगादा थांबतो. (चहा तासाभरानं. आईला हेच सगळ्यात जड गेलं.)

दोनेक महिन्यांत आई पूर्वीसारखी झाली. मी माफी मागितली. पण आळस हार्मोनचा मानला, तर आजचा उत्साह गोळीचा मानावा लागेल, आणि ते काही मला पटत नाही. शिवाय माफी मी 38 हा आकडा पाहून मागितली होती. रिपोर्ट नॉर्मल आला असता, तर माझं बोलणं बरोबर ठरलं असतं?

आईलाच विचारलं. म्हणाली, "दमले होते रे मी. तू विचारलं नाहीस."