पानात अडकलेली जागा

जरा टेकून बसा. डिस्क भरत आली आहे, इंडेक्सची फाइल टेबलाच्याही पुढे गेली आहे, हे कळलं. तरी कीबोर्डवरचा हात मागे घ्या आणि त्या फाइलचं एकच पान डोळ्यांसमोर आणा.

पोस्टग्रेसमध्ये हे पान ८ किलोबाइटचं. आत क्रमाने लावलेल्या नोंदी. प्रत्येकीत किल्ली आणि टेबलातल्या रोचा पत्ता. पान भरलं आहे, मध्येच नवी नोंद आली. पान दुभंगतं. निम्म्या नोंदी इथे, निम्म्या नव्या पानात, दोन्ही अर्धी मोकळी. बघत राहा. काही बिघडलेलं नाही. बायर आणि मॅक्क्राइट यांनी १९७२ साली छापलेला बी-ट्री असाच वाढतो.

आता एक रो अपडेट होऊ द्या. जुनी आवृत्ती लगेच जात नाही; एखादं ट्रान्झॅक्शन अजून तिच्याकडे बघत असेल. इंडेक्स असलेला एक कॉलम जरी बदलला, तरी टेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद पडते. मग व्हॅक्यूम येतो, मेलेल्या नोंदी उचलतो. फाइल मात्र तेवढीच राहते. इथे अनेकांचा धीर सुटतो. सुटू देऊ नका. ती जागा पुढच्या नोंदींच्या कामी येणार आहे.

नेहमीच येते का? तारखेवरचा इंडेक्स घ्या. जुन्या ऑर्डरी पुसल्या, पण पानागणिक दोन-तीन वादातल्या राहिल्या. नव्या तारखा सगळ्या उजव्या टोकाला. त्या जुन्या पानांत आता कोणीच येणार नाही, आणि पूर्ण रिकामी नसल्याने ती परतही मिळणार नाहीत. खरी सूज ही. बाकीची नुसती ऐसपैस वस्ती.

आता शेवटचा प्रश्न, सावकाश: हा इंडेक्स वापरतं कोण? स्कॅनचा आकडा शून्य असेल तर रेप्लिकावरही बघा, तिथला हिशेब वेगळा असतो. युनिक असेल तर हात लावू नका. माझं विचाराल तर दहा इंडेक्स नव्याने बांधण्यापेक्षा एक बिनकामाचा काढणं बरं.

बांधायचाच असेल, तर आवृत्ती १२ पासून 'रीइंडेक्स कॉन्करंटली' आहे. लिहिणं-वाचणं चालू राहतं. पण काम संपेपर्यंत जुनी आणि नवी, दोन्ही प्रती डिस्कवर असतात. तेव्हा ही बैठक डिस्कवर जागा आहे तोवरच उरकून घ्या.