अण्णा नको म्हणतात तेव्हा

या वादात मी एका वहिनींना समोर बसवलं आहे. त्या कल्पनेतल्या आहेत. पण कर्नाटकातल्या भालकी, औराद, आळंद या तालुक्यांतल्या मराठी घरांत स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या सुना खऱ्या आहेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना हा आजार आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात तो जास्त आहे. वहिनींचे अण्णा गोळी थुंकतात, अंघोळ नको म्हणतात, मदतीला ठेवलेल्या माणसाला चोर समजून हाकलतात. त्यांचं ऐकायचं का?

माझं म्हणणं असं की, नकार कशाला आहे ते आधी पाहावं. आपण आजारी आहोत ही जाणीवच या आजारात अनेकदा उरत नाही. स्वतःला धडधाकट समजणाऱ्याच्या अंगाला परका हात लागला तर तो झटकणारच. त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. सून अंघोळ घालायला आली आणि अण्णांनी धोतर घट्ट धरलं, तर त्यात आजार किती आणि आयुष्यभराची लाज किती? ती लाज शिल्लक आहे म्हणजे माणूस शिल्लक आहे. तेव्हा वेळ बदलावी, हात बदलावा. गॅस उघडा राहतो, अण्णा रात्री रस्त्यावर निघून जातात, तिथे मात्र नकार मोडावा लागेल. ‘अस्तु’ चित्रपटात वाट चुकलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची कानडी बोलणारी बायको सांभाळते. तो पूर्वी कोण होता हे तिला ठाऊक नसतं, म्हणून आता तो कसा आहे हे तिला दिसतं.

वहिनी म्हणतात, “भाऊजी, सिनेमातली ती बाई किती दिवस सांभाळते? मला वर्षं काढायची आहेत. हात बदला म्हणता, दुसरा हात आहे कुठं? अण्णांची लेक उदगीरला, त्यांचा मुलगा, माझा नवरा, पुण्याला. अण्णांचं नको तुम्ही एवढं तोलून बघालाव. माझं नको कुणी विचारलं का?”

मी म्हणतो, तुम्ही बोलून दाखवू शकता, अण्णा नाही. म्हणून त्यांच्या बाजूने आधी बोलावं लागतं.

“मी बोलले की. ऐकणाऱ्यांना तर विसर पडलेला नाही ना?”

याला माझ्याजवळ पुरेसं उत्तर नाही. रुग्णाच्या स्वातंत्र्याचा माझा सगळा युक्तिवाद घरात एक बाई फुकट आणि अखंड राबते हे धरूनच उभा आहे. तरी त्यावरून अण्णांचा हक्क रद्द होत नाही. सून थकली म्हणून सासऱ्याला बांधून ठेवता येत नाही. तिचा थकवा हे तिच्या नवऱ्याचं आणि नणंदेचं देणं आहे.

“मग डॉक्टरनंच लिहून द्यावं, यांना काही कळत नाही म्हणून. प्रश्न मिटला.”

मिटत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, एखाद्याचा उपचाराबद्दलचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही. क्षमता विषयागणिक पाहायची असते: शेताचा व्यवहार ज्यांना झेपत नाही, त्यांना भाकरी हवी की भात हे कळू शकतं. आणि तपासायचं कोणत्या भाषेत? निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, घर मराठी, 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर कचेरी कानडी. नव्वदीकडे झुकलेले अनेक जण असे घडले आहेत. आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते. कानडीत विचारलेली तारीख सांगता आली नाही, तर हरवलं काय, तारीख की कानडी? बिदर-कलबुर्गीत तपासणीला जाताना रुग्णाच्या घरच्या भाषेतच प्रश्न विचारावेत असा आग्रह कुटुंबाने धरला पाहिजे.

वहिनी विचारतात, “आग्रह धरायला त्यांना घेऊन कोण जाणार?”

मुलगा आणि लेक. त्या दोघांना माझं सांगणं: अण्णांना पाळीपाळीने पुण्याला आणि उदगीरला हलवू नका. नव्या घरात त्यांचं उरलंसुरलं भानही जाऊ शकतं. उदगीर आणि भालकी एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तुम्ही या, आठवडाभर राहा, मुलाने वडिलांना स्वतः अंघोळ घालावी, आणि तेवढे दिवस वहिनींना माहेरी जाऊ द्या.