गिळलेला राग, नाकारलेला घास

राग गिळावा, ही शिकवण मराठी घरांत मुलींना अन्नाबरोबरच मिळते. गिळलेल्या रागाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र षड्रिपूंच्या चर्चेत क्वचितच येतो.

त्याचा एक माग ॲनोरेक्सिया या आजारात लागतो. त्यात वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तुटत जाते आणि देह झिजतो. कॅनडात व्हँकुव्हरच्या जोझी गेलर व सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या स्त्रियांची तुलना इतर मानसिक आजार असलेल्या आणि निरोगी स्त्रियांशी केली. त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दाबलेला राग ॲनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांत सर्वांत जास्त आढळला. नैराश्य आणि आत्मसन्मान यांचा हिशेब वजा केल्यावरही त्यांच्यात दोन गोष्टी ठळक उरल्या: नाते टिकावे म्हणून गप्प राहणे आणि दुसऱ्यांसाठी स्वतःला मागे सारणे. यावरून राग हेच आजाराचे कारण ठरत नाही. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. पण बोलायची सोय नसलेल्या माणसाला नकार देण्यासाठी ताट तेवढे उरते, हे समजण्यासारखे आहे.

ओंटारिओतील लंडन शहराच्या मेरियन वुडमन यांनी हा प्रश्न धर्माच्या अंगाने पाहिला. त्या मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या परंपरेतील मनोविश्लेषक होत्या आणि त्यांनी स्वतः ॲनोरेक्सिया भोगला होता. १९८२ च्या ‘ॲडिक्शन टू परफेक्शन’ या ग्रंथात त्यांनी परिपूर्णतेच्या हट्टाकडे व्यसन म्हणून पाहिले. या हट्टापायी देह शत्रू ठरतो आणि उपासमारीला पावित्र्याचा रंग चढतो.

अशा पावित्र्याला गीता मात्र दुजोरा देत नाही. गीतेत क्रोध नरकाचे द्वार ठरतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण इंद्रिये आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला तिसरा अध्याय मिथ्याचारी म्हणतो. सहाव्यात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग नाकारला आहे. सतराव्यात तर देहाला कष्टवणारे घोर तप आसुरी ठरते, कारण त्यात देहातल्या ईश्वराचाही छळ होतो. म्हणजे राग जिंकणे वेगळे आणि लपवणे वेगळे, जसा संयम वेगळा आणि उपासमार वेगळी. ॲरिस्टॉटलने तर योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तेवढे रागावणे हा गुण मानला आणि अपमान निमूट सोसणे हे वैगुण्य.

अन्न टाकणाऱ्या मुलीला ‘खा’ म्हणण्याआधी घरच्यांनी तिचा राग ऐकून घ्यावा आणि डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये. हा आजार जीवघेणा ठरू शकतो.