बाळाचं टोपडं

शिवणकाम नव्यानं शिकणाऱ्या हाताला बाळाच्या टोपड्याहून चांगली सुरुवात नाही, असं मला मनापासून वाटतं. कापड नवं घेऊ नका. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढा. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो, तीन महिन्यांत तो चाळिशीला पोचतो. म्हणून जरा सैलच बेतावं. साधा धावदोरा पुरतो, टाके मात्र बारीक हवेत. आणि शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा. टाळूवरची कातडी इतकी नाजूक, की आतली दोऱ्याची गाठसुद्धा टोचते. लेस, मोती कशाला? बाळाला त्याचं काय! हनुवटीखालचे बंद आखूडच ठेवा, आणि बाळ झोपलं की टोपडं काढून ठेवा.